ताटावर विचारलेला प्रश्न

"मॅडम, काल जेवताना मामानं थेट विचारलं. आता मी काय करू?"

दीपासमोरच्या चहावर साय धरली होती, तिनं कप उचललाच नव्हता. ती स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट. बेळगुंदीकडच्या एका तालमीत मुलींबरोबर काम करते. मी तिची सुपरव्हायझर. हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी परीक्षेत कॉपी पकडते. काम साधं आहे. दुसऱ्यांच्या मनातलं ऐकणाऱ्यानं आपलं काम कुणा जाणत्यापुढं मोकळं करायचं, म्हणजे पाऊल घसरण्याआधी कळतं. (नावं बदललीत, आणि सगळ्यांना विचारूनच लिहिते आहे.)

तालमीचे वस्ताद हे दीपाचे सख्खे मामा. आमच्या भागात कुठंही जा, पाव्हणाच भेटतो. नात्यातलं काम घेऊ नको म्हणणं म्हणजे घरी बस म्हणणं.

रेणुका ही त्यांची पैलवान. मागं तिचा खांदा निखळला होता. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, पण समोरची पाय खेचायला खाली वाकून पायात शिरली की हिचं अंग आखडायचं. हे तिनं फक्त दीपाला सांगितलं होतं. संघनिवडीच्या ट्रायलला तालमीतून तिच्या वजनगटात एकच मुलगी जाणार होती. आणि मामांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "रेणी भ्यालीया काय गं? खरं सांग, न्हायतर दुसरीला धाडतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"भात वाढू का म्हणाले."

मला हसू आलं. पोरीनं तोंड उघडलं नव्हतं, म्हणजे निम्मं काम झालं होतं. म्हटलं, "ताटावर विचारलं ते भाचीला. भाचीला यातलं काही ठाऊक नाही. सायकॉलॉजिस्टला ठाऊक आहे, पण ते सांगायचं की नाही, हे रेणुका ठरवेल."

दीपानं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, "मामा, रेणुकाचं रेणुकालाच इचारा. मी घरात बी सांगणार न्हाई, तालमीत बी न्हाई."

मामांनी अबोला धरला. निरोप मामीमार्फत येऊ लागले. दीपा फोनवर रडली. मी म्हटलं, रड, पण सांगू नको.

इकडं तिनं रेणुकाला विचारलं, वस्तादांना सांगायचं का? रेणुका म्हणाली, मीच सांगते. काय बोलायचं, कसं उभं राहायचं, याची दोघींनी तयारी केली. मग एका सकाळी ती वस्तादांसमोर उभी राहिली.

"आण्णा, खांदा बरा हाय. समोरची पायात शिरली की भ्या वाटतं. पर मला खेळायचंय."

वस्तादांनी दुसऱ्या एका मुलीला हाक मारली, "ये गं, हिच्या पायात शिर. आधी हळू."

ट्रायलला रेणुकाच गेली. शेवटच्या कुस्तीत हरली, त्याचं मला वाईट वाटलं. पण त्याआधी पायात शिरलेल्या एकीला तिनं उलटवून चितपट केलं होतं.

पुढच्या आठवड्यात मामांनी एक नवी मुलगी दीपापुढं आणून बसवली. "हिच्याजवळ बिनधास्त बोल," ते त्या मुलीला म्हणाले. "लई खडूस हाय. सख्ख्या मामाला बी काय सांगत न्हाई."

दीपा हे सांगत होती आणि माझी छाती फुगत होती. आमच्या धंद्यात याहून चांगलं सर्टिफिकेट नाही. फक्त ते मिळेपर्यंत अबोला सोसावा लागतो.