तोच क्लब की दुसरा

परवा शुक्रवारी दुपारी तुझा फोन आला, तेव्हा आजोबा जेवून आडवे झाले होते आणि मी ओटा पुसत होते. तू नेहमीसारखं आधी हवामान सांगितलंस, मग शाळेचं, आणि मग एका दमात विचारलंस. आई पुन्हा लग्न करते आहे. घरात सगळ्यांचं आडनाव एकच असावं असं तिला वाटतं. तुमच्या देशात मुलांनाही विचारतात, त्यामुळे तुम्ही दोघं भावंडं हो म्हणालात तरच ते होईल. तर तुम्ही हो म्हणालात, तर आजी-आजोबा रागावतील का?

मी म्हटलं, "मी तुला लिहून कळवते."

"लिहून?" तू हसलीस. "आजी, आता कोण लिहितं?"

मी लिहिते. फोनवर मला नीट बोलता आलं नसतं. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला कळतं. पण जे सांगायचं आहे ते तुमच्या बाबांनी मला मराठीत सांगितलं होतं, आणि त्याचं भाषांतर करायची माझी इच्छा नाही. मराठी तुम्हाला ऐकून समजते. फोनमधली बाई वाचून दाखवते, असं धाकटा म्हणाला. तिचे उच्चार मी ऐकले आहेत. चालवून घ्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, तर मला तुमच्या गावच्या फुटबॉल क्लबची गोष्ट सांगावी लागेल. कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा त्या क्लबवरून निघाला होता आणि त्यावर कडाक्याचं भांडण झालं होतं.

तुमचे बाबा इथे बहारीनमध्ये वाढले, पुण्यात इंजिनीअर झाले, जर्मनीत पुढचं शिकले, आणि नोकरीसाठी स्लोव्हेनियातल्या त्या नदीकाठच्या गावात जाऊन पडले. पहिला हिवाळा त्यांनी कसा काढला ते आम्हाला कधी सांगितलं नाही. फोनवर एवढंच म्हणायचे, "ठीक आहे, आई." मग एका शनिवारी त्यांचा आवाजच वेगळा होता. कारखान्यातल्या कोणीतरी त्यांना मैदानावर नेलं होतं. शेजारच्या म्हाताऱ्याने मांडीवर घोंगडी टाकली, थर्मासमधलं काहीतरी कडक प्यायला दिलं, आणि नव्वद मिनिटं सगळ्यांनी मिळून रेफरीला शिव्या घातल्या. "आई," ते म्हणाले, "तिथे मला कोणीच विचारलं नाही, तू कुठला."

तेव्हापासून दर शनिवारी आम्हाला सामना ऐकावा लागे. तुमच्याकडे दुपार उतरायची तेव्हा आमच्याकडे दिवे लागलेले असत. मी पोळ्या लाटायची आणि फोन डब्याला टेकवून ठेवायची. क्लबचा इतिहास मला असा पोळ्यांबरोबर कळला. महायुद्धाच्या आधी कातडी कमावणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी तो काढला. पहिला चेंडू त्यांनी कारखान्यातल्याच चामड्याचा शिवला, असं गावात सांगतात. युद्धाच्या काळात मैदानात बटाटे लावले होते. पुढे युगोस्लाव्हिया नावाच्या मोठ्या देशात क्लब वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. मग तो देश मोडला, स्लोव्हेनिया वेगळा झाला, आणि तुमच्या गावाचा क्लब एकदम पहिल्या लीगमध्ये जाऊन बसला.

"वर्ग लहान झाला की सगळेच पहिल्या दहात येतात," आजोबा म्हणाले.

"पप्पा, आम्ही कपसुद्धा जिंकलो आहोत!"

"तू तेव्हा इथे मनामात तिसरीत होतास. तू कुठे जिंकलास?"

पण तुमचे बाबा असंच बोलायचे. कप आम्ही जिंकला, युरोपातल्या मोठ्या क्लबविरुद्ध आम्ही हरलो पण घरच्या मैदानावर एक गोल केला, तो गोल करणारा आता पोस्टात आहे आणि आमची पार्सलं तोच आणतो. जे त्यांनी पाहिलंही नव्हतं, ते सगळं त्यांनी आपलं करून टाकलं होतं. तुमची आई त्यांना मैदानावरच भेटली. ती तिकिटाच्या खिडकीत बसायची.

तू मांडीवरची होतीस त्या वर्षी क्लब बुडाला. मालक एक बांधकामवाला होता. त्याचा धंदा बसला, खेळाडूंचे पगार थकले, लीगने परवाना नाकारला आणि कोर्टाने क्लब बंद केला. त्याच उन्हाळ्यात तुम्ही तिघं बहारीनला आला होतात. बाबा घरात असे वावरत होते, जणू कोणीतरी गेलं आहे. एका संध्याकाळी आजोबा आम्हाला चहाला मनामातल्या अदलिया भागात घेऊन गेले. इथे गाडीतून उतरायचं नसतं, हॉर्न वाजवला की चहा गाडीपाशी येतो. आजोबा गाडी चालवत होते, बाबा शेजारी, आणि मागे मी, तुमची आई आणि तू.

बाबा म्हणाले, जुन्या समर्थकांनी मिळून नवा क्लब नोंदवला आहे. नाव जवळजवळ तेच, रंग तेच, मैदान तेच. फक्त फेडरेशन म्हणतं की हा वेगळा क्लब आहे, जुने कप आणि जुना इतिहास यांचा नाही, यांनी सगळ्यात खालच्या लीगपासून सुरुवात करावी.

"बरोबर म्हणतं," आजोबा म्हणाले. ते आयुष्यभर हिशेब तपासत आलेले. "लिक्विडेशन झालं म्हणजे खलास. नवी कंपनी काढा, नवा सीआर घ्या." सीआर म्हणजे धंद्याची सरकारी नोंदणी. इथे त्याच्याशिवाय टपरीसुद्धा उघडत नाही. "जुन्याची देणी नकोत ना? मग जुन्याचे कपही मागू नका."

"पप्पा, हे चहाचं दुकान बघा. गेल्या वेळी बोर्ड वेगळा होता. मालक बदलला, सीआर बदलला. पण चहा करणारा तोच, पातेलं तेच. तुम्ही दुकान बदललंत का?"

"मी इथे चहा प्यायला येतो. इतिहास प्यायला नाही."

"फेडरेशन अगदी तुमच्यासारखं बोलतं."

"मग तिथे कोणीतरी शिकलेला माणूस बसलेला असणार."

तुमची आई मला कोपराने ढोसून विचारत होती, काय चाललं आहे. मी इंग्रजीत थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "यांना सांगा, पहिला सामना गाईंच्या कुरणात आहे, आणि चुन्याच्या रेघा मारायला तुमच्या मुलाने आधीच नाव दिलं आहे."

आजोबा हसले, पण मागे हटले नाहीत. तेव्हा बाबा सीटवरून वळून माझ्याकडे बघायला लागले. "आई, तू सांग. लग्नात तुझं नाव बदललं. आडनाव नाही फक्त, पहिलं नावसुद्धा."

हे तुम्हाला माहीत नसेल. आमच्या वेळी बऱ्याच घरांत तशी पद्धत होती. लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आजोबांनी लिहिलं, सगळ्यांनी वाकून वाचलं, टाळ्या वाजवल्या, मग कोणीतरी ते तांदूळ पुन्हा डब्यात ओतले. माझी एम.ए.ची पदवी जुन्या नावावर आहे. इथल्या शाळेत मला नोकरी मिळाली तेव्हा या दोन वेगळ्या बायका नाहीत, हे पटवता पटवता मी थकले होते.

"नाव गेलं, आडनाव गेलं, घर गेलं," बाबा म्हणाले. "तरी तू तीच ना?"

"तीच," मी म्हटलं.

"झालं! यल्ला, चला पप्पा, चहाचे तुम्ही द्या."

तेव्हा मी जे म्हटलं ते मला खरंच तसं वाटत होतं. माझी आई तेव्हा हयात होती. दर रविवारी ती फोन करायची आणि जुन्या नावाने हाक मारायची. नंतर ती गेली, मग माझी बहीण गेली. आता त्या नावाने मला हाक मारणारं कोणी उरलेलं नाही, आणि कधी कधी मला वाटतं, ती मुलगी कोण होती हे सांगायलाही आता मी पुरेशी नाही.

पुढचं तुला थोडं आठवत असेल. गाईंचं कुरण, मग त्याहून बरं मैदान, मग खुर्च्या असलेलं मैदान. क्लब एक एक लीग वर चढत गेला. शुक्रवारी संध्याकाळी बाबा रेघा मारायचे आणि चुन्याने पांढरे झालेले बूट तुमच्या आईने दाराबाहेर ठेवायला लावले, की मला त्याचा फोटो पाठवायचे. धाकटा झाला तेव्हा त्याला दवाखान्यातून क्लबच्या मफलरमध्ये गुंडाळून आणलं. त्यावरून मी ओरडले, कारण ती लोकर टोचरी होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी तुमचे बाबा गेले. कामावर जायला निघाले आणि दारातच पडले. आम्ही पोहोचलो तेव्हा तुम्ही दोघं माझ्या अंगाला चिकटून बसला होता आणि मला तुमच्याशी कुठल्याच भाषेत बोलता येत नव्हतं. आजोबांना थोड्या अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. तुमची आई म्हणाली, "त्याला एका ठिकाणी पूर्ण राहू द्या." आजोबांनी मान डोलावली. तुमच्या गावात अस्थी कलशात ठेवून पुरतात आणि कबरीवर लाल काचेतले दिवे लावतात. त्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नव्हती इतके दिवे होते, आणि ते लावणारी बहुतेक माणसं मैदानावरची होती. एकाने भाषण केलं. आपलं आडनाव त्याला उच्चारता येत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणालाच आलं नव्हतं. त्याने ते नेहमीसारखं मधूनच तोडून म्हटलं आणि सगळे रडले.

त्याच वर्षी उन्हाळ्यात क्लब दुसऱ्या लीगमध्ये गेला. ते बाबांनी पाहिलं नाही.

शुक्रवारी आजोबा उठल्यावर मी त्यांना चहा दिला आणि तुझा प्रश्न सांगितला. मला वाटलं, ते हिशेबाचं काहीतरी बोलतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"तीच मुलं आहेत," ते म्हणाले. "आडनाव बदललं म्हणून काय झालं? घर तेच आहे ना? मैदान तेच आहे ना?"

"मी कुठे नाही म्हणते?"

"मग? तीच आहेत!" ते माझ्यावरच ओरडले. नंतर उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मी बाहेर उभी होते. दार वाजवलं नाही.

काल सामना संपल्यावर मीच तुला फोन केला, कारण लिहिता लिहिता मला मधल्या नावाची आठवण झाली. तू जन्मलीस तेव्हा आम्ही हट्ट धरला होता की आपल्याकडच्यासारखं मुलीचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असंच लिहायचं. तिथल्या कचेरीत त्यांनी वडिलांचं नाव तुझंच दुसरं नाव म्हणून नोंदवून टाकलं. मुलीला पुरुषाचं नाव! तुमची आई हसून हसून दमली होती. धाकट्याच्या वेळी आम्हाला हे माहीत होतं, तरी तसंच लिहायला लावलं.

मी तुला विचारलं, "आडनाव गेलं तरी मधलं नाव राहील ना?"

तू म्हणालीस, "आजी, तेही काढणार आहे. शाळेत दर वर्षी नवे सर विचारतात, मुलाचं नाव का, आणि दर वर्षी मला सगळ्यांसमोर सांगावं लागतं की तो माझा बाबा होता आणि आता नाही."

"आणि धाकटा?"

"तो म्हणतो, ताई करेल तेच."

तुला असं दर वर्षी वर्गात सांगावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

आता उत्तर. आम्ही रागावलो नाही. दोघांनी हो म्हणा. तुमची आई एकटीने खूप वर्षं काढणार होती, तिला ती काढावी लागत नाहीत याचं मला बरंच वाटतं. तो माणूस चांगला आहे असं तू म्हणतेस, धाकट्याला मैदानावर नेतो, आणि थंडीत टोपी घालायला लावतो. एवढं मला पुरे आहे.

पण काहीच बदललं नाही असं मला म्हणायला सांगू नका. गाडीत मी ते एकदा म्हटलं, आता म्हणवणार नाही. आमच्या घराचं नाव तुमच्यापाशी संपेल. मला त्याचं दुःख आहे, आणि ते तुमच्यापासून लपवायला मला जमत नाही. तरी एक गोष्ट या दोन दिवसांत माझ्या लक्षात आली. कप, युरोप, पोस्टातल्या माणसाचा गोल, हे तुमच्या बाबांनी फक्त ऐकलं होतं. त्यांनी स्वतः ज्याच्यासाठी शुक्रवार-शुक्रवार चुना वाहिला, तो फेडरेशनच्या मते कालचा, बिनइतिहासाचा क्लब होता. कुरणात त्याच्यामागे उभं राहायला त्यांना जुने कप लागले नाहीत. म्हणून वाटतं, त्यांना विचारता आलं असतं तर त्यांनी तुम्हाला अडवलं नसतं.

आडनावाचं आजोबांना माहीत आहे. मधल्या नावाचं मी अजून सांगितलेलं नाही. ते मी सांगेन, एखाद्या दिवशी त्यांची तब्येत बरी बघून. तोवर ते फोनवर आले तर त्यांच्यापाशी तो विषय काढू नकोस. सामन्याचं सांग.