गोल चंद्र

पोस्टरांसाठी खळ शिजायला लागली की मला नव्वदच्या दशकातली वाशी आणि शेजारची शबाना आठवते. याच खळीने आम्ही दोघी ईदचं कार्ड करत होतो. सफरचंदाच्या पेटीतल्या जांभळ्या कागदावर मी चमकीचा गोल चंद्र चिकटवला. शबाना फिस्सकन हसली. "येडी! कोजागिरी हाय का? ईदला कोर असते." तिनेच कात्रीने कोर कापली.

कार्ड तिच्या घरमालकांना द्यायचं होतं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. खूश झाले तर घर खाली करायला सांगणार नाहीत, असं आम्हाला वाटलं. "वा, बेटा!" म्हणत त्यांनी ते नोटीस बोर्डावर लावलं. महिन्याभरात शबानाचं सामान टेम्पोत चढलं. कारण? आडनाव, दुसरं काय! कार्ड मात्र दिवाळीपर्यंत तिथेच होतं. येणारेजाणारे म्हणायचे, काय सुरेख कोर कापलीय! कुणी कापली, ते कुणीच विचारलं नाही.