चिखलातली पहिली फेरी

आदल्या सांजेले आम्ही तिघं माझ्या अंगणात शेजाऱ्याची नवी सायकल जोडत बसलो होतो. दुकानदाराच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून सुटे भागच त्यानं मोहाडीहून बैलगाडीत घालून आणले. एकेक नट आवळायचा, पुसायचा, पुन्हा ढिला करून आवळायचा. मी चाक धरलं होतं, माझ्या बायकोनं कंदील.

"भाऊजी, आता हळदच लावाची राह्यली हिले," ती म्हणाली.

"हासा वहिनी, हासा. रस्ता सुकू द्या, नवं धोतर नेसून पयल्यांदा बजारातच नेतो."

एवढी वर्षं सायकलीसाठी थांबलेला माणूस. आणखी आठ दिवस थांबणं त्याले गोडच लागत होतं.

त्याच राती माझी बायको छातीत दुखून गेली. आमच्यात माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर बाईले उचलत नाहीत, अन् तिचा भाऊ राहे लाखनीच्या रस्त्यावरल्या गावात. उजाडता पाहतो तर हा शेजारी सायकल घेऊन चिखलातून निघालाही होता. कोणी सांगितलं नव्हतं.

ऊन वर आल्यावर तो परतला. मागे कॅरिअरवर माझा साळा लुगडं छातीशी धरून रडत होता. अन् पुढे हा, कानापर्यंत चिखलानं माखलेला, हसत पायडल मारून राहिला होता. सायकल चालतच होती तशी सुरेख.

मले पाहताच तो खाली उतरला, तोंड पाडलं, अन् तिथून घरापर्यंत सायकल हातानं ढकलत आला.