काचेवरचा गुलाबी डाग

काचेवर सोन्याचा इतका पातळ थर असतो, की त्यातून आलेला उजेड हिरवट दिसतो. लेझरचा झोत पडला की ते सोनं क्षणभर वितळतं, काचेवरची पकड सोडतं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांमध्ये गोळा होतं. मागे गुलाबी डाग उरतो. ही पद्धत मी पीएचडी करताना बसवली. माझ्या मार्गदर्शक सरांनी शोधनिबंधातून माझं नाव काढलं आणि ती स्वतःच्या नावावर छापली.

काल तेच सर माझ्या प्रयोगशाळेत आले. बराच वेळ माझ्या काचेवरच्या गुलाबी डागाकडे बघत राहिले.

“आमच्याकडे हल्ली थर नुसता जळतो गं. तू नेमकं काय करतेस?”

“सर, तुमच्या निबंधात सगळं आहे की. परत एकदा वाचा.”

समोरचा चहा तसाच ठेवून ते उठले. राग वर्षानुवर्षं मनभर पसरून असतो आणि एखाद्या क्षणी असा गोळा होतो. विरत मात्र नाही. नंतर वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं. नाही वाटलं. ते गेल्यावर त्यांनी न घेतलेला चहा मीच प्यायले, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत.