सावलीत उभी, तरी गरम

मंडळी, उलव्यात राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला, प्रकाशला, एअरपोर्टच्या भाड्यांसाठी सेकंडहँड गाडी घ्यायचीय. त्यासाठी नोकरी सोडून बसलाय. गाडी खराब निघाली तर हप्ते भरणार कुठून? म्हणून आज गाडी बघायला मीही डीलरकडे सोबत गेलो.

सेल्समन भलताच गोड. प्रकाशला म्हणाला, "दादा, डॉक्टरांची गाडी आहे. लोन आजच करून देतो, संध्याकाळी वहिनींना फिरवून आणा." मला आजवर दाखवलेली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरांचीच निघालीय!

मी सहज बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच गरम. "ही सकाळी कुठे जाऊन आली?"

"कुठेच नाही हो, उन्हाने तापलीय."

गाडी शेडखाली सावलीत होती.

"मग चहा मागव. थंड झाली की चालू करू."

प्रकाश कुजबुजला, "दाजी, कशाला उगाच? जाईल हो हातातून."

तासाभराने मी चावी फिरवली, तर सेल्समनने लगेच मोठ्याने गाणी लावली. "बंद कर रे राजा," म्हटलं. गाणी थांबली आणि इंजिनाची खडखड स्पष्ट ऐकू आली. मागून निळा धूर. इंजिन गरम असताना हा आवाज दबतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

प्रकाशने लोनच्या कागदांवर सही न करताच पेन परत दिलं.

बाहेर पडताना सेल्समन फोनवर बोलत होता, "या ना साहेब. फक्त निघताना कळवा, गाडी चालू करून ठेवतो."

तुम्हाला कोणी कधी थंड गाडी दाखवलीय का? आणि ते फोनवरचे साहेब हे वाचत असतील, तर न कळवता जा.