बाबांच्या आवाजाची नवी आवृत्ती

बाबांचं स्वरयंत्र काढावं लागेल, असं परळच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ऑपरेशनला बारा दिवस उरले होते. मी सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस, त्यामुळे मला सुचलं ते एवढंच. ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांच्या खिडक्या लावून घेऊन मी त्यांची रोजच्या वापरातली चाळीस वाक्यं रेकॉर्ड केली आणि त्यांच्या फोनसाठी एक साधं अ‍ॅप बनवलं. मोठी बटणं होती. बटण दाबलं की बाबा बोलत. "कोलंबी ताजी आहे का?" "पुढच्या स्टॉपला उतरायचंय." "मला ऐकू येतं, बोलता येत नाही." ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डात त्यांनी आणखी एक वाक्य स्वतःच थेट फोनमध्ये भरलं: "अगं, ऐकलंस का?" आईला त्यांनी कधी नावाने हाक मारली नव्हती.

सहा वर्षं ते अ‍ॅप चाललं. तेवढ्या काळात ऑफिसात मी तीन वेगवेगळे प्लॅटफॉर्म शिकलो. एकावर जरा हात बसला की दुसरा यायचा आणि जुन्यावरची कामं बंद व्हायची. रविवारी शिकवणीचे व्हिडिओ बघत बसायचो. बाबांच्या अ‍ॅपला मात्र मी हात लावला नाही. चालतंय ना, मग राहू दे, असं म्हणत राहिलो.

मग एकदा बाजारात मासळीच्या टबात त्यांचा फोन पडला, तो कायमचा बंद झाला. मी नवा आणला. त्यावर अ‍ॅप चढेना. हे अ‍ॅप फोनच्या सॉफ्टवेअरच्या फार जुन्या आवृत्तीसाठी बनवलेलं आहे, असा संदेश येई. बाबा शेजारी बसून बघत होते. त्यांनी वहीत लिहिलं, 'किती वेळ?'

"संध्याकाळपर्यंत," मी म्हणालो.

चार दिवस रजा काढावी लागली. ज्या साधनावर अ‍ॅप लिहिलं होतं तेच बंद झालं होतं. आवाज वाजवणारा भाग कुणीतरी फुकट बनवून ठेवला होता, त्यानेही त्याकडे बघणं सोडलं होतं. मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीला फोन केला.

"दुरुस्त करत बसू नकोस रे," ती म्हणाली. "नव्याने लिही. माझी दोन अ‍ॅप्स मी अशीच टाकून दिली."

लिहिलं. चाळीस वाक्यं माझ्या जुन्या लॅपटॉपवर सापडली. एक्केचाळिसावं फक्त त्या भिजलेल्या फोनमध्ये होतं. डिलाईल रोडच्या दुरुस्तीवाल्याने फोन दोन दिवस ठेवून घेतला आणि परत दिला. खाऱ्या पाण्याने आतलं सगळं गेलं होतं. नंतर भरलेली वाक्यं दुसरीकडे जपून ठेवायची सोय मी अ‍ॅपमध्ये केलीच नव्हती. ऑफिसच्या कामात कुणी असं केलं असतं तर मी त्याला बोललो असतो.

बाबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि नवी बटणं एकेक दाबून पाहिली. सगळी झाल्यावर फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने दोनदा टाळी वाजवली.

"आले," आई आतून म्हणाली. गॅस बारीक करून ती बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "मला कळतं टाळीने. तू जेवून घे आधी. चार दिवस धड जेवला नाहीयेस."

आता फोनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती यायच्या महिनाभर आधीच मी ते अ‍ॅप उघडून बसतो. यंदा त्यात दोन दिवस गेले.