ट्रान्सच्या पानातली काडी

दत्तामामा गेल्याचा फोन सकाळी सातला आला, तेव्हा मी हिंगोलीत शाळेला निघायच्या गडबडीत होते. चहा पिऊन मामा ओट्यावर बसले ते बसलेच, असं मामेभाऊ सांगत होता. रडू आलंच, पण त्याच्याही आधी मनात आलं, बरं झालं, दिवाळीत सगळं बोलून घेतलं… हे कबूल करायला मला महिना लागला.

वसमतजवळच्या आमच्या आजोळी मामा लोकांची हळद शिजवून द्यायचे. शाळा नववीपर्यंतच, पण इंग्रजीचं वेड भारी. त्यांच्याकडे एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश होता, आणि त्याची आरपर्यंतची पानं उंदरांनी फस्त केली होती. त्यामुळे आजोळच्या पोरांना एस आणि टीचे शब्द तोंडपाठ, आणि ए-बी-सीच्या नावानं आनंद! पहिलं उंदरं शिकली, राहिलेलं तुमी शिका, असं ते म्हणायचे. कढई चुलवणावर चढली की तो घाणा, म्हणजे ती कढईभर हळद, शिजेपर्यंत एकाच सुरुवातीचे शब्द घ्यायचे, हा त्यांचा नेम. "सब" म्हणजे खालचं. "ट्रान्स" म्हणजे इकडचं तिकडं. ट्रान्सफर म्हणजे तलाठ्याची बदली, ट्रान्सप्लांट म्हणजे रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात, ट्रान्सपोर्ट म्हणजे मोंढ्याच्या बाजाराला निघालेला टेम्पो. पुढे बी.एड.लाही मला याहून सोपं कुणी शिकवलं नाही.

मी आठवीत असतानाची गोष्ट. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याची हळद कढईत होती. काडी टोचून पाहायचं काम माझं. तुराटीची, म्हणजे तुरीच्या वाळल्या झाडाची, काडी हळकुंडात अलगद शिरली आणि तिचं टोक पिवळं होऊन आलं, की शिजली म्हणायची. त्या दिवशी "ट्रान्स" चालू होतं आणि मी ट्रान्सपरंटवर अडले. अर्थ पारदर्शक, कबूल. पण त्यात इकडचं तिकडं जातं काय? मामा जाळ सारता सारता विचारात पडले, मी पानांमागून पानं उलटत बसले. मध्येच त्यांनी विचारलं, शिजली का गं? मी मानही वर न करता म्हणाले, "न्हाई अजून." काडी मी टोचलीच नव्हती.

घाणा जास्त शिजून गळला, रंग पार उतरला. मालक नाही नाही ते बोलला. मामांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं, माझं नाव काढलं नाही. त्याच वर्षी त्यांनी कढई विकली आणि शेळ्या घेतल्या. माझ्या एका खोट्यापायी मामांचं हातचं काम गेलं, हे मी मनाशी धरून बसले. मी इंग्रजीची शिक्षिका झाले, तेव्हा ते गावभर पेढे वाटत फिरले. मी मात्र काही ना काही निमित्त काढून आजोळ टाळत राहिले.

यंदा आईला भाऊबीजेला घेऊन गेले आणि ओट्यावर त्यांना एकटं गाठून सांगून टाकलं. मामा सुपारी कातरत ऐकत होते.

"मला म्हाईत होतं की. काडी कोरडीच होती."

"मग बोलले काहून न्हाई, मामा?"

"तू वाचून राहिली होतीस… लेकराला मधीच कशाला उठवा? अन् घाणा माझा होता, तुझा न्हाई."

कढईचं म्हणाल तर धुरानं त्यांची छाती भरायची, डॉक्टर दोन वर्षं मागे लागला होता. सुटायला निमित्तच हवं होतं म्हणे. मग अडकित्ता खाली ठेवून ते म्हणाले, "त्या ट्रान्सपरंटचं सापडलं बरं का मला. नजर जाती ना पोरी, इकडून तिकडं." मी हसले आणि हसता हसता रडले.

तरी एक कुसळ राहिलंच. मामा मनानं मोठे. काडीचं तेव्हाच माहीत होतं, हे नुसतं माझं मन राखायला बोलले असतील, तर?

दहाव्याला मामींनी फडक्यात बांधलेला शब्दकोश माझ्या हातात दिला. हे पोरीचं हाय, असं ते कधीचं सांगून ठेवून होते. मी तो तिथंच उघडला. ट्रान्सच्या पानात एक तुराटीची काडी होती, इतक्या वर्षांनी अगदी हलकी झालेली. मी ती उजेडात धरून दोन्ही टोकं पाहिली. पिवळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

काडी पुन्हा त्याच पानात ठेवली. सोमवारी नववीच्या वर्गात मी ट्रान्स शिकवायला घेतलं, आणि पोरांना पहिला शब्द दिला ट्रान्सपरंट.